औषधाआधी तापाचा दिवस लिहा



पावसाळा लागला की प्रतिजैविकांच्या गैरवापरावर लेख येऊ लागतात. आरोपी ठरलेले असतात: चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारा मेडिकलवाला, स्वतःच्या मनानं औषध घेणारा रुग्ण आणि इथल्या हिंदीत ज्याला 'झोलाछाप' म्हणतात तो गावचा बिनपदवीचा डॉक्टर. तिघंही दोषी आहेत, वाद नाही. पण रायपुरात बरीच वर्षं एमबीबीएसच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्यानं या यादीत स्वतःचंही नाव घालायला हवं. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला ताप आला. दुसऱ्याच दिवशी टायफॉईडसाठीची विडाल चाचणी 'पॉझिटिव्ह' आली. सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन, दोन्ही प्रतिजैविकं सुरू झाली. पाचव्या दिवशी ताप उतरला. घरचे म्हणाले, औषध लागू पडलं. मला वाटतं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर बनावट नव्हता, रीतसर पदवीधर होता. कदाचित माझ्याच वर्गात बसलेला.

असं का वाटतं? विषाणूचा शिरकाव झाला की काही तासांतच पेशी इंटरफेरॉन नावाची बचावाची प्रथिनं सोडू लागतात. ताप हा याच पहिल्या झुंजीचा भाग. त्या विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडं तयार व्हायला मात्र साधारण चार ते सात दिवस लागतात. ती कामाला लागली की बहुतेक साधे विषाणूजन्य ताप आपसूक ओसरतात. रुग्णाचा धीर सुटतो नेमका तिसऱ्या दिवशी. तेव्हा दिलेल्या गोळीचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही, पण दोन दिवसांनी श्रेय तिलाच मिळतं. रुग्णाचा विश्वास बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरचाही बसतो.

विडालचंही तसंच. 1896 पासून वापरात असलेली ही चाचणी जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. ती बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस वाढतात. शिवाय टायफॉईड मुक्कामालाच असलेल्या आपल्या भागात कितीतरी निरोगी माणसांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं सापडतात. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशीची एकटी 'पॉझिटिव्ह' विडाल आजच्या आजाराबद्दल फारसं काही सांगत नाही. पहिल्या आठवड्यात खरा पुरावा रक्ताच्या कल्चरचा, तोही प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेल्या.

हे सगळं आमच्या विद्यार्थ्यांना येतं. परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहितात. मग चिठ्ठीत का उतरत नाही? कारण प्रतिपिंड कितव्या दिवशी येतं हे आम्ही एका वर्गात शिकवतो, गोळी किती मिलिग्रॅमची हे दुसऱ्या वर्गात, आणि प्रत्यक्ष चिठ्ठी मुलगा शिकतो ती तिसऱ्याच जागी, ओपीडीत, वरिष्ठाच्या हाताकडे बघून. 2019 पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, पण कागदावरची क्षमता ओपीडीच्या टेबलापर्यंत पोचवायची कुणी, हा प्रश्न उरलाच.

माझे काही सहकारी म्हणतील, हे निवृत्त माणसाला बोलायला सोपं आहे. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. कल्चरच्या अहवालाला दोन-तीन दिवस जातात. बस्तरहून आलेला माणूस परत येईलच याची खात्री नाही. हरकत रास्त आहे. जंतुदोष रक्तात पसरून रुग्ण कोसळत असेल, तर अहवालाची वाट न पाहता इंजेक्शन दिलंच पाहिजे. पण अंदाजालाही अभ्यास लागतो. अंगावर अनेकदा काळी खपली दिसणारा, झुडपांतल्या किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस छत्तीसगडलाही नवा नाही. त्यावर महागडं सेफ्ट्रिॲक्सोन कुचकामी ठरतं, कारण हा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो. तिथे स्वस्त डॉक्सिसायक्लिन जीव वाचवतं. 'भारी' औषध म्हणजे योग्य औषध नव्हे.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांनी बस्तरकडेच पाहावं. 2020 मध्ये सुरू झालेल्या 'मलेरियामुक्त बस्तर' मोहिमेत पथकं गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना, म्हणजे मितानिन बहिणींना, बरोबर घेऊन घरोघर गेली. ताप असो वा नसो, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पंधरा-वीस मिनिटं थांबली आणि मगच औषध दिलं. वारंवार मलेरिया होऊन अंगात अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती आलेल्या माणसाला ताप येत नाही, पण रक्तात परजीवी असतात, म्हणून सरसकट तपासणी. 'आधी तपास, मग गोळी' हा नियम जंगलातल्या पाड्यावर पाळता येतो, तर शहरात का नाही?

हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 पासून प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे. सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही त्यातल्या जपून वापरायच्या गटात आहेत. आपल्याकडे ती सर्दीलाही लिहिली जातात. 2014 पासून तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनची नोंद केमिस्टनं वहीत ठेवायची आहे. पण त्या वहीत डॉक्टरनं लिहिलेलंच उतरणार ना?

म्हणून माझ्या मागण्या तीनच. छत्तीसगडच्या आयुष व आरोग्यविज्ञान विद्यापीठानं अंतिम वर्षाच्या परीक्षेत असा रुग्ण द्यावा, ज्याचं बरोबर उत्तर 'प्रतिजैविक नको' हे असेल, आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत. प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या रुग्णालयात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता, म्हणजे अँटिबायोग्रॅम, दरवर्षी प्रत्येक इंटर्नच्या खिशात द्यावा. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकानं आठवड्यातून एकदा वॉर्डात फेरी मारावी आणि सुरू असलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाचं कारण मुलांना विचारावं. याला नवं यंत्र लागत नाही की नवी इमारत.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो: चिठ्ठीवर औषधाआधी 'ताप, दिवस कितवा' हे लिहा. आणि वाचकहो, डॉक्टरसमोर बसल्यावर 'स्ट्राँग गोळी द्या' म्हणू नका. 'तपासणी कोणती करायची?' असं विचारा.

— एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षक, तात्यापारा, रायपूर