नौकेवरील कर्ज आणि शुल्काचा नांगर

बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यावसायिक ऋणकोकडून दंडवजा शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. २ जुलै २०२५ रोजी निघालेला हा आदेश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना लागू आहे. शहरातील पगारदार वाचकाला यात नवे असे काही वाटणार नाही. घरासाठी घेतलेले बदलत्या व्याजाचे कर्ज एका बँकेतून उचलून दुसऱ्या बँकेत नेताना दंड पडू नये, ही सोय त्याला २०१२ सालीच मिळाली. पुढे २०१४ मध्ये व्यक्तींच्या इतर मुदतकर्जांनाही ती लागू झाली. पण २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की ही सवलत व्यवसायाव्यतिरिक्त कारणांसाठी घेतलेल्या कर्जांपुरतीच आहे. म्हणजे राहण्याच्या घराचे कर्ज मोकळे झाले आणि पोट भरण्याच्या साधनाचे कर्ज बांधलेलेच राहिले. नौका हे असेच एक साधन होय.

ससून गोदी १८७५ साली खुली झाली, तेव्हापासून मुंबईकराच्या ताटातील मासळी आणि किनाऱ्यावरील नाखव्याचे भांडवल यांचा संबंध अखंड चालत आला आहे. पूर्वी हे भांडवल शीड, जाळी आणि लाकूड यांत गुंतत असे. आज ते यंत्र, डिझेल, बर्फ, शीतपेटी आणि बिनतारी उपकरणे यांत गुंतते. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेसाठी २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने १ कोटी २० लाख रुपयांचा खर्च गृहीत धरला, यावरूनच या व्यवसायाचे आकारमान ध्यानात यावे. एवढी रक्कम घरातून उभी राहत नाही. कर्ज हा मच्छीमाराच्या व्यवसायाचा अपवाद नव्हे, पायाच आहे.

कर्ज घेताना नाखवा व्याजाचा दर विचारतो आणि तेवढ्यावर सौदा ठरला असे समजतो. वस्तुतः दर ही कर्जाची संपूर्ण किंमत नव्हे. उदाहरणादाखल असे समजू, की नौकेवर २० लाख रुपयांचे कर्ज बाकी आहे, मुदतीची पाच वर्षे उरली आहेत आणि व्याज १३ टक्के आहे. मासिक हप्ता सुमारे ४५,५०० रुपये पडतो. दुसरी बँक तेच कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेण्यास तयार झाली, तर हप्ता सुमारे ४३,००० रुपयांवर येतो आणि पाच वर्षांत दीड लाख रुपये वाचतात. पण जुन्या धनकोने मुदतपूर्व फेडीबद्दल ३ टक्के मागितले की ६०,००० रुपये तेथेच गेले. नव्या बँकेचे १ टक्का प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून २३,६०० रुपये झाले. नौकेचे मूल्यांकन, वकिलाचा अभिप्राय, दस्तऐवज आणि मुद्रांक यांसाठी आणखी २०,००० रुपये धरले, तर एकूण खर्च लाखाच्या वर जातो. दीड लाखाच्या बचतीतून हाती सत्तेचाळीस हजार राहतात. मुदतीची दोनच वर्षे उरली असतील, तर व्याजातील बचत जेमतेम ५६,००० रुपये होते आणि कर्ज हलविणारा तितकाच तोट्यात जातो.

याहून मोठा सापळा मुदतीचा आहे. हेच कर्ज पाच वर्षांऐवजी सात वर्षांवर नेले, तर हप्ता ३३,७०० रुपयांवर उतरतो. दरमहा जवळजवळ बारा हजारांची सुटका झाल्याचे समाधान मिळते. परंतु व्याजदर अडीच टक्क्यांनी कमी होऊनही एकूण परतफेड पूर्वीपेक्षा एक लाखाहून अधिक रुपयांनी वाढते, आणि शुल्के त्याखेरीज. हलका हप्ता आणि स्वस्त कर्ज या दोन भिन्न गोष्टी आहेत. मासळी कमी मिळालेल्या मोसमानंतर अडचणीत आलेल्या माणसाला पहिली गोष्ट दुसरीच्या नावाने विकली जाते, हे या व्यवहारातील खरे दुखणे आहे.

नवा आदेश या दुखण्यावर अर्धा उपाय करतो. व्यापारी बँका, सर्वांत वरच्या श्रेणीतील नागरी सहकारी बँका आणि वरच्या स्तरातील वित्तसंस्था यांना व्यक्तींच्या आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बदलत्या व्याजाच्या व्यवसाय-कर्जांवर असे शुल्क घेता येणार नाही. लघुवित्त बँका, प्रादेशिक ग्रामीण बँका, तिसऱ्या श्रेणीतील नागरी सहकारी बँका, राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि मधल्या स्तरातील वित्तसंस्था यांना ही बंदी ५० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जापुरती आहे. फेडीचे पैसे कोठून आणले, हे विचारण्याचाही अधिकार त्यांना ठेवलेला नाही. हे पाऊल स्वागतार्ह आहे.

पण त्याच्या कक्षेबाहेर कोण राहिले, तेही पाहिले पाहिजे. स्थिर व्याजाची कर्जे बाहेर राहिली. १ जानेवारी २०२६ पूर्वी मंजूर झालेली आणि नूतनीकरण न झालेली कर्जे बाहेर राहिली. लहान नागरी सहकारी बँका आणि तळच्या स्तरातील वित्तसंस्था बाहेर राहिल्या. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतच येत नाहीत. त्यांचे नियमन राज्याच्या सहकार खात्याकडे आहे. किनाऱ्यावरील लहान माणूस ज्या दारांशी प्रथम जातो, त्यांपैकी कित्येक दारांवर हा आदेश पोचतच नाही. सर्वांत शेवटी येतो तो मासळीचा व्यापारी. तो डिझेल-बर्फासाठी आगाऊ रक्कम देतो आणि त्याबदल्यात मासळी आपल्यालाच, आपल्या भावाने, घालण्याची अट घालतो. त्या कर्जाला शुल्काचा तक्ता नसतो. व्याज मासळीच्या भावातून वसूल होते. संस्थात्मक कर्ज बदलण्याचा मार्ग जितका महाग, तितका हा मार्ग प्रशस्त होतो.

लहान संस्थांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. चांगला ऋणको मध्येच निघून गेला, तर कर्ज देताना केलेला खर्च बुडतो आणि दरबारी थकबाकीदारच उरतात, हे त्यांचे म्हणणे आहे. परंतु कर्ज देण्याचा खर्च प्रक्रिया शुल्काच्या रूपाने आरंभीच वसूल होतो. बदलत्या दराच्या कर्जात व्याज वाढल्याचा भार ऋणकोच वाहतो. मग व्याज उतरल्यावर त्याने दुसरीकडे जाऊ नये, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार धनकोला उरत नाही. २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला. त्याचा लाभ ज्याच्या कर्जापर्यंत आपोआप पोचत नाही, त्याच्या हाती कर्ज हलविण्याचा अधिकार हेच एक साधन आहे.

माहितीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसोबत सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर सांगणारे विवरणपत्र, ऋणकोला समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. त्यात न दाखविलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागदपत्रे परत करून नोंदणीवरील बोजा उतरविला नाही, तर धनकोच्या दोषामुळे झालेल्या विलंबाबद्दल दररोज ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बोजा उतरल्याखेरीज नवी बँक पुढे येत नाही. म्हणून असा नियम नाखव्याच्या व्यवसाय-कर्जालाही लागू होणे फार मोलाचे ठरेल. पण जो नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच ठाऊक नाही, तो नियम कागदावरच राहतो.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या दर्जाला अर्थ यावयाचा, तर तीन गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. सहकार खात्याने मुदतपूर्व फेडीवरील शुल्काची बंदी पतसंस्थांना लागू करावी. रिझर्व्ह बँकेने जुन्या आणि लहान संस्थांच्या कर्जांनाही ती क्रमाने लागू करावी. आणि नौकांच्या कर्जाचे हप्ते दर्याच्या पंचांगाप्रमाणे बांधावेत. जून-जुलैत सरकारच मासेमारी बंद ठेवते, नौका शाकारून किनाऱ्यावर उभ्या असतात, आणि हप्ता मात्र दरमहा मागितला जातो, ही विसंगती कोणत्याही हिशेबात बसत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनीही विवरणपत्र वाचून त्यातील एकूण देणे सभासदाला समजावून देणारा एक जाणता माणूस कचेरीत बसवावा. यास सरकारी अनुदान लागत नाही.

नांगर नौकेला वादळात सावरण्यासाठी असतो, तिला बंदरातच जखडून ठेवण्यासाठी नव्हे. कर्जाचेही तसेच आहे. गृहकर्जदाराला २०१२ मध्ये जे मिळाले, ते मिळविण्यासाठी समुद्रावर पोट असणाऱ्याला २०२६ पर्यंत थांबावे लागले आणि तेही त्याला अपुरेच मिळाले. उरलेल्या भागासाठी त्याला आणखी चौदा वर्षे थांबविण्याचा अधिकार कोणासही नाही.