टळलेल्या टकरींची मोजदाद

वॉशिंग्टनच्या रेगन राष्ट्रीय विमानतळावर २९ जानेवारी २०२५ च्या रात्री उतरू पाहणारे प्रवासी विमान आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळले. विमानातील ६४ आणि हेलिकॉप्टरमधील ३, असे सर्व ६७ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यानंतर मार्चमध्ये मांडलेली आकडेवारी मात्र अपघाताइतकीच अस्वस्थ करणारी आहे. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात याच विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमान व हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर एका सागरी मैलाहून कमी आणि उभे अंतर ४०० फुटांहून कमी झाल्याचे १५,२१४ प्रसंग घडले होते. त्यांतील ८५ प्रसंगी ही अंतरे अनुक्रमे १५०० व २०० फुटांच्याही आत आली होती. म्हणजे दर महिन्याला सरासरी दोनहून अधिक वेळा दुर्घटना थोडक्यात टळत होती.

ही माहिती कोणी दडवलेली नव्हती. ती एकत्र करून वाचली गेली नव्हती, एवढेच. नदीकाठच्या हेलिकॉप्टर मार्गावर उंचीची कमाल मर्यादा २०० फूट होती. तिचे काटेकोर पालन केले, तरी क्रमांक ३३ च्या धावपट्टीकडे उतरणारे विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट अंतर उरत असे. ही त्रुटी कोणा एका वैमानिकाची नव्हे, आखणीचीच होती. अपघातानंतर मार्गाचा तो भाग बंद करण्यात आला.

या अरुंद फटीत भिस्त होती ती माणसाच्या डोळ्यांवर. समोरचे विमान दिसत असल्याचे वैमानिकाने कळवले, की अंतर राखण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. वॉशिंग्टनमध्ये हेलिकॉप्टरच्या चालकांनी तसे कळवले होते. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोच्या आकाशात बोइंग ७२७ आणि छोटे सेसना १७२ यांची टक्कर होऊन १४४ जणांचा बळी गेला, तेव्हाही बोइंगच्या वैमानिकांनी सेसना दिसल्याचे सांगितले होते. दोन्ही वेळा नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा वाजला आणि दोन्ही वेळा ‘दिसते आहे’ या उत्तराने त्याची धार बोथट केली. रात्रीच्या शहरी दिव्यांत नेमके कोणते विमान दिसले, हे त्या उत्तरातून कळत नाही.

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे प्रवासी विमान व छोटे पायपर विमान यांची टक्कर होऊन ८२ जण दगावले. त्यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्रणा सक्तीची केली. भारतात हा धडा १९९६ च्या चरखी दादरी दुर्घटनेने, ३४९ जीव घेऊन दिला. परंतु या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. समोरच्या विमानाचा संदेशक बंद असेल, तर तिला ते दिसत नाही. आणि जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली ती ‘वर जा, खाली या’ असा आदेश देत नाही. विमानतळालगत, जिथे गर्दी सर्वाधिक, तिथेच तिचा आधार सुटतो.

गोव्याला हा विषय परका नाही. दाबोळी विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे. पर्यटकांची विमाने आणि नौदलाची विमाने व हेलिकॉप्टर तिथली धावपट्टी आणि आकाश वाटून घेतात. जानेवारी २०२३ पासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर मोपा विमानतळही सुरू झाला आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये नौदलाची दोन इल्युशिन-३८ विमाने दाबोळीजवळच हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतील १२ नौसैनिक प्राणास मुकले. वॉशिंग्टन आणि दाबोळी यांची तुलना तंतोतंत नाही. पण लष्करी व नागरी उड्डाणे जिथे शेजारी नांदतात, तिथे प्रश्न एकच असतो: थोडक्यात टळलेल्या प्रत्येक प्रसंगाची नोंद दोन्ही बाजू एकत्र बसून वाचतात का, आणि त्यातील निष्कर्ष प्रवाशांपुढे ठेवले जातात का?

टळलेला अपघात हा दैवाचा कौल समजून सोडून द्यायचा नसतो. तो बळी न घेता मिळालेला चौकशी अहवाल असतो. वॉशिंग्टनमध्ये असे ८५ अहवाल हाती होते. ते वाचायला ६७ जणांच्या मृत्यूची वाट पाहावी लागली.