कंडी पिकली चिपची!



गेल्या पंधरवड्यात तुमची बरीच पत्रं आली. अक्षरं वेगवेगळी, पण प्रश्न एकच. "मामा, गेमिंग लॅपटॉपसाठी नवी ग्राफिक्स चिप येणार म्हणतात. ती आत्ताच्यापेक्षा दुप्पट वेगवान असणार म्हणतात. जुन्यांचे भाव पडणार म्हणतात. मग आत्ता लॅपटॉप घ्यावा की थांबावं?" या पत्रांत ‘म्हणतात’ हा शब्द मी मोजायला घेतला आणि मोजता मोजता दमलो! कोण म्हणतात? केव्हा म्हणाले? त्यांना कुठून कळलं? याचा मात्र पत्ता नाही.

आपल्याकडे याला छान शब्दप्रयोग आहे. कंडी पिकवणे! आज अशाच एका कंडीची गोष्ट सांगतो. गोष्ट घरातलीच आहे, माझ्या भाच्याची. त्याला विचारूनच सांगतोय हं!

भिशीचे नव्वद हजार

माझा भाचा अथर्व सांगलीला राहतो. तेव्हा तो नववीत होता. त्याची मोठी बहीण सई पुण्याला होस्टेलवर राहून वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. २०२४ च्या गणपतीत दाजींची भिशी लागली. नव्वद हजार रुपये! हे पैसे सईच्या लॅपटॉपसाठी, हे आधीपासून ठरलेलं. इमारतीचं त्रिमितीय चित्र पडद्यावर फिरवून बघायचं तर बऱ्यापैकी ग्राफिक्स चिप लागते. आणि सई वर्षभर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम भागवत होती. मैत्रीण झोपली की ही कामाला बसायची.

दाजींनी दुकानात जाऊन एक लॅपटॉप पाहूनही ठेवला. एवढ्यात अथर्व मध्ये पडला. "बाबा, आत्ता घेऊ नका! जानेवारीत नवी मालिका येतेय. मग आत्ताच्यांचे भाव निम्म्यावर येतील!" त्यानं पुरावा म्हणून आपली वहीच पुढे केली. वहीत आकडेच आकडे. नव्या सर्वांत मोठ्या चिपमध्ये २१,७६० कोअर असणार. मेमरी एका पानावर १६ जीबी, पुढच्या पानावर २४, त्याच्या पुढच्यावर ३२. दाजींना त्यातलं काही कळलं नाही, पण पोराचा आत्मविश्वास बघून ते थांबले.

आता गोष्ट जरा इथेच थांबवू आणि हे आकडे म्हणजे काय ते बघू.

एका सेकंदात बारा कोटी ठिपके

तुमच्या पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. करा गुणाकार! २० लाख ७३ हजार ६००. गेममधलं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एकटा हुशार मुलगा एवढी गणितं करत बसला तर संपायची नाहीत. पण हजारो मुलांना एकेक सोपं गणित वाटून दिलं तर? ग्राफिक्स चिप हेच करते. तिच्यातल्या छोट्या छोट्या गणितज्ञांना कोअर म्हणतात.

अशा चिपा बनवणारी सर्वांत प्रसिद्ध कंपनी म्हणजे अमेरिकेतली एन्व्हिडिया. जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी ती १९९३ साली काढली. १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना कंपनीनं तिची ‘जगातली पहिली जीपीयू’ अशी जाहिरात केली आणि तो शब्द रूढ झाला. हिचं एक कार्यालय आपल्या पुण्यातही आहे बरं का! एन्व्हिडिया चिपचा आराखडा करते, पण चिप स्वतः घडवत नाही. आरटीएक्स ४० आणि ५० या मालिकांच्या चिपा तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यात घडल्या.

कंडी पिकते कुठे?

चिप तयार व्हायला काही वर्षं लागतात, आणि त्या काळात ती पुष्कळ हातांतून जाते. आराखडा करणारे, कारखान्यातले, मेमरी पुरवणारे, लॅपटॉप बनवणारे. लॅपटॉपवाल्यांना तर कित्येक महिने आधी माहिती द्यावीच लागते. नाहीतर पंखा केवढा ठेवायचा, अडॅप्टर किती वॉटचा द्यायचा, हे ते ठरवणार कसे? सगळ्यांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतलेले असतात. पण घरात लाडू केले की डबा कितीही वर ठेवा, वास येतोच!

कुणी नवी चिप वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासतो आणि त्याची नोंद आपोआप सर्वांना दिसते. कुठे एखादा दुकानदार घाईघाईत नवं नाव यादीत टाकून मोकळा होतो. कंपनीच्या स्वतःच्या फायलींतही नव्या चिपचं नाव कधीकधी आधीच सापडतं. म्हणजे प्रत्येक कंडी हवेतून आलेली नसते. काहींच्या मुळाशी खरं काही तरी असतं.

मग ती चुकते कशी? दोन उदाहरणं बघा. २०२२ च्या सुरुवातीला बोलबाला झाला, की टेबलावरच्या संगणकासाठी येणारं आरटीएक्स ४०९० हे कार्ड ६०० वॉट वीज खाणार. ऑक्टोबरमध्ये कार्ड आलं ते ४५० वॉटचं. त्याआधी आरटीएक्स ३०८० टीआय २० जीबी मेमरीचं असणार अशी वावडी होती. जून २०२१ मध्ये ते आलं १२ जीबीचं. सांगणारे दर वेळी खोटंच बोलतात असं नाही. कंपनी एकाच चिपचे अनेक प्रकार करून बघते आणि शेवटी एकच ठेवते.

आणि अफवेचं सोडा, कंपनीनं स्वतः जाहीर केलेलंसुद्धा बदलतं! सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० चे दोन प्रकार जाहीर झाले, १६ जीबी आणि १२ जीबी. दोन्हींचं नाव एकच, पण आतल्या चिपा वेगळ्या. लोकांनी टीका केली आणि ऑक्टोबरमध्ये १२ जीबीचं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय हे नाव घेऊन आलं.

मांडीवर मिक्सर!

आता अथर्वच्या वहीतली सर्वांत मोठी चूक सांगतो. ‘ध’चा ‘मा’ केल्याची पेशवाईतली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका अक्षरानं केवढा अनर्थ! चिपच्या नावांतही एका अक्षराची गंमत आहे. २०१४ साली टेबलावरच्या संगणकासाठी जीटीएक्स ९८० आलं आणि लॅपटॉपसाठी जीटीएक्स ९८०एम. मोठ्यात २,०४८ कोअर, एमवाल्यात १,५३६. एम दिसला की कळायचं, हा धाकटा भाऊ. २०१६ साली जीटीएक्स १०८० च्या वेळी लॅपटॉपमध्येही टेबलावरच्याइतकेच, म्हणजे २,५६० कोअर बसले, आणि एम गेला. ते ठीकच झालं. पण पुढे अंतर पुन्हा वाढलं आणि नावातला आकडा मात्र एकच राहिला. २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०९० मध्ये टेबलावरच्या कार्डात २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॉट. लॅपटॉपमधल्या चिपेत १०,४९६ कोअर, २४ जीबी आणि साधारण १५० वॉटपर्यंत. कोअर निम्म्याहूनही कमी!

म्हणजे अथर्वनं लिहिलेला २१,७६० हा आकडा खरा ठरला. पण तो लॅपटॉपचा नव्हताच!

लॅपटॉपला कमी का बरं? सोपं आहे. स्वयंपाकघरातला मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॉटचा असतो. ५७५ वॉट म्हणजे मांडीवर मिक्सर चालू ठेवून बसण्यासारखं. बरं, तो मिक्सर दोन मिनिटं चालतो, गेम दोन तास! तेवढी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून बाहेर काढणार कशी? बॅटरीचंही तसंच. विमानात खास परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही त्या आतच असतात. एकट्या चिपनं १५० वॉट ओढले तर अशी बॅटरी किती वेळ पुरेल? करा बरं भागाकार. फक्त ४० मिनिटं! म्हणून अडॅप्टर काढला की लॅपटॉप चिपला आवर घालतो.

आणखी एक. एकाच नावाची चिप एका लॅपटॉपमध्ये ९५ वॉटवर चालते, दुसऱ्यात १५० वर. वेगात फरक पडणारच. म्हणून दुकानात चिपचं नाव विचारलंत की लगेच दुसरा प्रश्न विचारा, "किती वॉटची?"

मग सईचं काय झालं?

दिवाळी गेली. डिसेंबरात सईचं सबमिशन आलं. मैत्रिणीचंही तेच सबमिशन, त्यामुळे लॅपटॉप तिलाच हवा होता. त्यात तिची काय चूक? सई कॉलेजच्या संगणक-कक्षात रांगेत बसायची, तो बंद झाला की हातानं रेखाटनं करायची. दोन शीट्स अपुऱ्याच राहिल्या. गुण गेले. सुट्टीला घरी आली तेव्हा ती अथर्वला एका शब्दानंही बोलली नाही. आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

७ जानेवारी २०२५ ला सकाळी आठला, अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असताना, लास व्हेगसमध्ये नवी मालिका जाहीर झाली. अथर्व दप्तर पाठीला लावून बघत होता. जानेवारी म्हणाले होते, जानेवारीतच आली! पण पुढचं ऐका. लॅपटॉप दुकानांत यायला मार्चअखेर उजाडणार होती. ५०९० वाल्या लॅपटॉपची किंमत २,८९९ डॉलरपासून पुढे. त्या वेळच्या दरानं जवळपास अडीच लाख रुपये, कर वेगळाच! आणि दाजींनी गणपतीत पाहिलेला लॅपटॉप? त्याच दुकानात, त्याच फळीवर, त्याच भावात. त्याच आठवड्यात तो घरी आला.

मध्ये चार महिने गेले.

अथर्वनं मला विचारलं, "मामा, पण अफवा तर खरी निघाली ना? मग माझं चुकलं कुठे?"

मित्रांनो, प्रश्न अगदी योग्य आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, नवी चिप जानेवारीत येणार ही बातमी होती. ताईला लॅपटॉप कधी हवा, किती रुपयांत हवा आणि कशासाठी हवा, याचं उत्तर त्या बातमीत होतं का? ते ताईला विचारायचं होतं. तू सगळं जग पालथं घातलंस, पुण्याला एक फोन तेवढा केला नाहीस!" आणि ‘भाव निम्म्यावर येतील’ हे तर कुणी सांगितलंही नव्हतं. ते त्यानं स्वतःच जोडलं होतं. कंडी अशीच पिकते. बातमी कुणाची तरी असते, आणि शेपूट आपण लावतो.

अथर्वची वही आजही चालू आहे. पण आता तिच्यात चार रकाने आहेत. तारीख, काय ऐकलं, त्याला कसं कळलं असेल, आणि शेवटी काय निघालं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती बातमी तो पेन्सिलीनं लिहितो, शाईनं नाही. मला ही युक्ती फार आवडली.

या आठवड्याचा गृहपाठ: येणाऱ्या एखाद्या नव्या वस्तूबद्दल, मग ती चिप असो, मोबाइल असो की सायकल, पाच बातम्या अशा चार रकान्यांत लिहा. सहा महिन्यांनी वही उघडा. पाचांतल्या किती शाईच्या निघाल्या, ते मला कळवा.

आईबाबांसाठी दोन ओळी: मुलांना यंत्रांतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे खरंच आहे. त्यांचं जरूर ऐका. पण काम कोणतं, कधी लागणार आणि पैसे किती, ही तीन उत्तरं आधी कागदावर लिहा आणि मग दुकानात जा. गरज दोन महिन्यांनंतरची असेल तर थांबायला हरकत नाही. गरज आजची असेल, तर आज मिळणारं चांगलं यंत्र घ्यावं. नवी चिप दरवर्षी-दोन वर्षांनी येतच राहणार, पण सईचं ते सबमिशन एकदाच होतं.

परवा अथर्वचा फोन आला. "मामा, पुढच्या मालिकेबद्दल जाम कंड्या पिकल्यात!" मी म्हटलं, "मग? काय ठरवलंस?"

"काही नाही. पेन्सिलीला टोक केलंय!"

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
यंत्रमामा