मोठा पंप म्हणजे चांगला पंप?

डिपार्टमेंटच्या पॅसेजमधल्या फिशटँकला नवा पंप घ्यायचाय आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, 'मोठाच घ्या!' मित्रांनो, माझा याला सक्त विरोध आहे. संपमधून (खालची टाकी हो, एस.टी.चा संप नव्हे!) पंप जेवढं पाणी वर चढवेल, तेवढं ओव्हरफ्लोने खाली आलंच पाहिजे. तो पाइप कमी पडला की पाणी थेट पॅसेजमध्ये.

खोक्यावरचा आकडा असतो शून्य हेडचा. दीड मीटर उंची आणि वर दोन-तीन एल्बो म्हटल्यावर प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. पंपाचा कर्व्ह आपण फक्त जर्नलपुरताच काढतो का? बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजा, आणि ओव्हरफ्लो त्याहून सढळ ठेवा. पाणी जास्त वाटलं तर व्हॉल्व्ह डिलिव्हरीला, सक्शनला नाही.

खरी परीक्षा लाइट जाते तेव्हा. पंप बंद पडतो आणि रिटर्न पाइपातून उलटा सायफन सुरू होतो. टाकी १२० बाय ४५ सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ५.४ लिटर. पाइपाचं तोंड ५ सेंमी बुडालेलं असेल तर २७ लिटर खाली! तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. शिवाय पाण्याच्या पातळीलगत पाइपाला सायफन तोडणारं भोक पाडा. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात शेवाळ अडकतं. रात्री अडीचला फरशी पुसायला आपण नसतो, वॉचमनकाका असतात.