एक मजला वर!

प्रमोशन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? केबिन, नवं व्हिजिटिंग कार्ड आणि जरा मोठा ईएमआय! पण काही जॉब असे असतात, की नुसता एक मजला वर गेलात तरी सगळं पुन्हा शिकावं लागतं. शाळेच्या लायब्ररीचंच बघा ना.

समजा, सावदा. जळगाव जिल्ह्यातलं, रावेर तालुक्यातलं, केळीसाठी प्रसिद्ध गाव. तिथली एखादी ताई चौथीपर्यंतच्या पोरांना पुस्तकं द्यायची आणि आता ती हायस्कूलची लायब्ररी बघणार आहे. बढती की शिक्षा?

आधी कागदोपत्री गंमत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. ग्रंथपाल मात्र त्या यादीत नाही! त्यामुळे प्राथमिक शाळेत बहुतेकदा बाईच कपाटाची किल्ली सांभाळतात. हायस्कूलमध्ये ग्रंथपालाचं पद असतं, पण तेही पटसंख्या बघून. कुठे पूर्णवेळ, कुठे अर्धवेळ. शिवाय ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण हवं. म्हणजे आपल्या ताईला आधी स्वतःच विद्यार्थिनी व्हावं लागणार.

खरी परीक्षा त्यानंतर. खाली पोरं अंगावर पडायची, ‘बाई, अजून एक गोष्ट!’ म्हणून हट्ट करायची. वर नववीतला मुलगा दारातूनच विचारतो, ‘मॅडम, गाईड आहे का?’ आणि सटकतो. खाली आवाज लावून वाचलं की काम फत्ते. इथे गप्प बसून बघावं लागतं, की कोण कुठल्या कपाटापाशी घुटमळतंय.

कारण नऊ वर्षांच्या चाळीस पोरांना एकच गोष्ट पुरते, चौदाव्या वर्षी प्रत्येकाला आपापली लागते. आणि ती चारचौघांत मागायची लाज वाटते! वयात येणं, नापास होणं, घरातली भांडणं, कुणीतरी आवडणं... अशा विषयावरचं पुस्तक एखादीने नेलं, तर तिचं नाव मोठ्याने पुकारायचं नाही. एकदा पुकारलंत, की ती पुन्हा येणार नाही. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे सूत्र एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं. त्याची सगळ्यात अवघड प्रॅक्टिकल नववी-दहावीत असते.

खानदेशात याला झकास उदाहरण आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. ‘वाचा रे’ असं नुसतं सांगण्यापेक्षा रोज वाचावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवायचं! ताईकडेही भांडवल आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तक होऊन आली. सांगवीच्या भालचंद्र नेमाडेंना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं. आपल्या घरात बोलतात ती बोली छापलेली दिसली, की गाईड मागणारा पोरगाही दोन मिनिटं थांबतो. ती दोन मिनिटं महत्त्वाची. दहावीच्या नावाखाली याच वयात अवांतर वाचन बंद पडतं आणि मग ‘हॉबी : रीडिंग’ फक्त बायोडेटात उरतं. ओळखीचं वाटतंय ना?

पैशांचं म्हणाल, तर २०१८च्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद ठेवली गेली. आपल्यातल्या कित्येकांच्या मोबाइलची किंमत याहून जास्त असेल! तेव्हा दिवाळीत गावी गेलात, तर आपल्या हायस्कूलच्या लायब्ररीत डोकावा. जुनी गाईडं देऊन कपाट भरू नका. ताईंना विचारा, ‘सध्या पोरं काय मागतायत?’ आणि तेच एक पुस्तक, कोरं करकरीत, घेऊन द्या.