नोकरीत राहून गिऱ्हाईक जोडताना

पंचकर्म केंद्रात मालिशचे काम करणाऱ्या एका भगिनीने आम्हांस विचारले, "मालक म्हणतात, नवीन गिऱ्हाईक आण, मग पगार वाढवतो. मी काय दारोदार फिरू?"

फिरू नका, ताई. नवीन गिऱ्हाईक जुन्याच्या तोंडून येते. तेल लावण्याआधी दुखणे नीट विचारा, वहीत टिपून ठेवा. पुढच्या खेपेस "डावा खांदा कसा आहे?" एवढे विचारले तरी ती बाई तुमचे नाव घेऊन परत येते, बहिणीलाही आणते.

आणि नाही म्हणायला शिका. एकाच पोटरीला सूज असेल, ती दुखत नि गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा बाईला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. त्या दिवसाचे पैसे बुडतील, मालक कुरकुरेल. पण तोच डॉक्टर उद्या कंबरदुखीचा रोगी तुमच्याकडे पाठवील. तेलाने मधुमेह, लकवा बरा होतो असे मात्र सांगू नका. तशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. (मालकाने फलकावर लिहिले असेल तर त्यालाही सांगा.)

केंद्राच्या कार्डामागे आपले नाव लिहून द्या. घरचा नंबर नको. नोकरी जाते आणि नको ते फोन येतात. मात्र त्याआधी, आपल्या नावाने आलेल्या गिऱ्हाइकामागे आपल्याला किती, हे मालकाकडून लिहून घ्या.

आम्ही हे विचारले तेव्हा ती भगिनी गप्प झाली. तीन वर्षांत तिने विचारलेच नव्हते.