वाऱ्यावर स्वार होण्याआधीचे सहा आठवडे

पायांखाली फळी, कमरेला पट्टा आणि वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांवर आभाळात ताणलेला भलामोठा पतंग. पाण्यावरून असे सुसाट धावण्याच्या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याची पदके पहिल्यांदा दिली गेली, तीही पॅरिसमध्ये नव्हे तर मार्सेच्या समुद्रात. हा खेळ शिकायला सुट्टीत परदेशी जाणाऱ्यांमध्ये आता आपल्याकडचे लोकही दिसतात, आणि त्यात चाळिशी ओलांडलेलेही असतात. मुंबईहून विमानाने नैरोबी आणि तिथून केनियाच्या किनाऱ्यावरचे दियानी किंवा वातामू हा त्यातला एक सोयीचा मार्ग. डिसेंबर ते मार्च तिथे ईशान्येचा ‘कास्काझी’ वाहतो आणि जून ते सप्टेंबर दक्षिणेकडचा ‘कुसी’. शिडाच्या जहाजांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी याच मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर मोम्बासाला जात आणि वारा फिरला की परतत.

आजच्या प्रवाशाची तयारी मात्र बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी तिकीट, मग हॉटेल, मग शिकवणी वर्गाची नोंदणी, मग चष्मे आणि पोहण्याचे कपडे. डॉक्टरांची आठवण होते ती निघण्याच्या आठवड्यात, आणि तोवर निदान एका बाबतीत उशीर झालेला असतो.

ती बाब म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फीव्हर. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत केनिया आहे. त्या देशातून भारतात येणाऱ्याकडे लस घेतल्याचे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. प्रमाणपत्र वैध होते ते लस टोचल्यावर दहा दिवसांनी. त्यामुळे शनिवारी विमान आणि आदल्या गुरुवारी लस असा हिशेब केला, तर आठवडाभराची सहल आटोपून परतताना एक-दोन दिवसांसाठी अडकण्याची वेळ येऊ शकते. शिवाय ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच घ्यावी लागते. विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रे त्यांपैकीच. तिथे ठरलेले वार असतात, नोंदणी असते आणि सुट्ट्यांच्या हंगामात गर्दीही असते.

यातली गंमत अशी, की केनियाच्या किनारपट्टीवर पीतज्वराचा धोका कमी मानला जातो. फक्त दियानीत राहणाऱ्या पाहुण्याला स्वतःच्या रक्षणासाठी ही लस सहसा सुचवलीही जात नाही. पण भारताचा नियम देश पाहतो, समुद्रकिनारा नाही. अनेकांना हा नियम म्हणजे सरकारी अडवणूक वाटते. तशी ती नाही. पीतज्वर पसरवणारा एडीस इजिप्ती हा डास आपल्या घरोघरच्या कुंड्यांत आणि पिंपांत आहे; डेंग्यू तोच देतो. या देशात पीतज्वर कधी आलेला नाही, म्हणून एवढ्या मोठ्या लोकसंख्येत त्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही नाही. एका तापलेल्या प्रवाशाला एडीस चावला तर पुढे काय होईल, याची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही. चांगली गोष्ट ही, की २०१६पासून एकदा घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि गर्भवती यांनी ती परस्पर घ्यायची नाही. साठीपुढे पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, तेव्हा तिथेही डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अशांपैकी कुणाला वाऱ्यावर स्वार व्हायचेच असेल, तर श्रीलंकेतले कल्पिटिया आहे. तिथे वारा भरपूर आहे आणि पीतज्वर नाही.

दुसरी बाब मलेरियाची, आणि जिवाच्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा मोठी आहे. ‘मलेरिया काय, आपल्याला सवयीचा’ हे वाक्य भारतीय प्रवाशांच्या तोंडी हमखास असते. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाकडे अशी कुठलीही सवय नसते. पूर्व आफ्रिकेतला मलेरिया बहुतांश फॅल्सिपॅरम जातीचा असतो, आणि उपचाराला उशीर झाला तर तो काही दिवसांतच मेंदू आणि मूत्रपिंडांवर उतरतो. म्हणून केनियाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्याने प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात. कोणत्या, हे ठरवताना नेमका हा खेळ आडवा येतो.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि सहज मिळणारे. पण ते घेताना त्वचा उन्हाने लवकर भाजते, आणि काइटबोर्डिंग म्हणजे विषुववृत्ताजवळच्या उन्हात, पाण्यावरून परतणाऱ्या किरणांत चार-चार तास उभे राहणे. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हाही एक गोड गैरसमज आहे. मेफ्लोक्विनने काहींना चक्कर येते, भयानक स्वप्ने पडतात. अपस्माराच्या किंवा मानसिक आजाराच्या रुग्णांना ते देत नाहीत. ज्या खेळात सारे काही तोलावर अवलंबून आहे, त्यासाठी ते पहिली निवड होऊ नये. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल या दोन्ही अडचणींतून बऱ्यापैकी वाचवते, पण महाग पडते. ते निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायचे. इतर दोन औषधे परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागतात, आणि घरी आल्यावर उरलेली पाकिटे कपाटात विसरली जातात. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हा मानवी स्वभाव धरूनच चालावे. गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी आणि संध्याकाळी अंगभर कपडे सुटत नाहीत.

आता खुद्द खेळाकडे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १२ नॉटवरून १८वर गेला की पतंगाची ओढ दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. सकाळी गोंजारणारा वारा दुपारी माणसाला उचलून आपटतो तो यामुळे. सर्वाधिक दुखापती पावलांना आणि घोट्यांना होतात, पण जिवावर बेततात त्या डोक्याच्या आणि छातीच्या. ओढ अनावर झाली की एका झटक्यात पतंग सोडून देण्याची कळ पट्ट्यावर असते. गंभीर अपघातांत पुन्हा पुन्हा दिसते ते हेच, की ती वेळेवर ओढली गेली नाही. पाण्यात उतरण्याआधी ही कळ डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करून घेणारा शिक्षक निवडावा. हेल्मेट आणि तरंगणारे जाकीट यांवर घासाघीस नको. दियानीचे पाणी प्रवाळाच्या रांगेआड शांत आणि ओहोटीला फार उथळ असते. नवशिक्याला ते सोपे वाटते, पण उथळ पाण्यात डोक्यावर पडणे मानेला महागात पडते. तळाशी समुद्री साळू असतात, तेव्हा जाड तळव्याचे पाणबूट हवेत आणि धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षे झाली असतील तर तीही.

शरीराची तयारी सहा आठवड्यांची धरावी. व्यायामशाळेतल्या दंडांपेक्षा मांड्या, पाठ आणि पोटाचे स्नायू इथे कामाला येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोहणे, तेही तलावात भिंतीला टेकत नव्हे तर लाटांत, कारण पतंग सोडल्यावर किनारा स्वतःलाच गाठायचा असतो. इन्सुलिनवर असलेल्यांची साखर पाण्यात अचानक उतरू शकते. ग्लुकोज अंगावर हवे आणि साथीदाराला ठाऊक हवे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि अपस्मार असलेल्यांनी किनाऱ्यावर बसून पाहावे, हे स्पष्ट सांगणेच बरे.

सहल विकणाऱ्या कंपन्यांनी यातले निदान लशीचे दहा दिवस आणि विम्यातली अट तरी पैसे घेण्याआधी सांगायला हवी. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळांतली इजा वगळलेली असते. ती जादा हप्ता भरून मुद्दाम घ्यावी लागते, आणि मद्य घेतलेले आढळले तर तीही हातची जाऊ शकते. किनाऱ्यावरून मोठ्या रुग्णालयात किंवा थेट भारतात रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, हे वाचूनच सही करावी.

परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला, तर तो कितीही साधा वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ते विचारण्याची वाट न पाहता ‘केनियाहून आलो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. मलेरियासाठी रक्ताची तपासणी तेव्हाच व्हायला हवी. पहिला नमुना निर्दोष निघाला आणि ताप राहिलाच, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा.